मदत हवी आहे: डब्लिनहून एका दिवसात न्यूग्रेंज, टारा आणि ट्रिम, विद्यार्थ्यांच्या ग्रुपसाठी

नमस्कार मंडळी,

आम्ही डब्लिनला मास्टर्स करणारे वीसेक विद्यार्थी आहोत. बहुतेक मराठी, सोबत दोन गुजराती आणि एक मल्याळी मित्र. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी काउंटी मीथमध्ये दिवसभराची सहल ठरली आहे आणि आखणी माझ्याकडे आहे. यादी वाढत वाढत न्यूग्रेंज, आयर्लंडच्या प्राचीन राजांची टाराची टेकडी, ट्रिमचा किल्ला आणि मोनास्टरबॉइस, मेलिफाँट, ग्लेंडलॉक हे जुने मठ इथपर्यंत गेली. ग्लेंडलॉक डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरात, बाकी सगळं उत्तरेकडे, म्हणून ते लगेच काढलं. उरलेल्यातही काटछाट करायला हवी, कारण तोवर घड्याळं तासभर मागे गेलेली असतात आणि पाचच्या आत सूर्य मावळतो.

मला ठिकाणं कमी आणि प्रत्येक ठिकाणी वेळ भरपूर असं हवंय. तयार टूरमध्ये उतरा, फोटो काढा, पुन्हा बसमध्ये चढा असं चालतं. पाच हजार वर्षांच्या थडग्यासमोर वीस मिनिटं उभं राहून परतायचं, हे मनाला पटत नाही.

न्यूग्रेंजवर सगळ्यांचं एकमत आहे. हे दगडी थडगं इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनं. दाराच्या वर एक झरोका आहे. २१ डिसेंबरच्या आसपास उगवत्या सूर्याचा किरण त्यातून शिरतो, १९ मीटर लांबीच्या बोळातून थेट आतल्या दालनापर्यंत पोचतो आणि सतराएक मिनिटं टिकतो. उत्खनन करणारे मायकल ओ'केली यांनी १९६७ च्या डिसेंबरात आत थांबून ते प्रत्यक्ष पाहिलं. आमच्यातल्या कोल्हापूरच्या मित्राला अंबाबाईचा किरणोत्सव लहानपणापासून माहीत, त्यामुळे तो तर या एका जागेसाठीच येतोय.

ट्रिमचा आग्रह माझा आहे, आणि त्याचं कारण जरा सविस्तर सांगते. किल्ला मोठा आहेच: नॉर्मन सरदार ह्यू द लेसीने ११७० च्या दशकात उभारायला घेतलेला, आयर्लंडमधला सर्वांत मोठा अँग्लो-नॉर्मन किल्ला, मधोमध वीस कोपऱ्यांचा बुरूज. पण त्याच गावात एका उंच खांबावर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा आहे. म्हणजे आपल्या इतिहासातला आर्थर वेलस्ली. त्याच्या घराण्याचा डँगनचा वाडा ट्रिमपासून जवळ, शाळेचा काही काळ त्याने ट्रिममध्ये काढला, १७९० साली तो इथूनच आयरिश संसदेत निवडून गेला. आणि २३ सप्टेंबर १८०३ ला हाच माणूस जालना जिल्ह्यात असईला केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेसमोर उभा होता. मी जालन्याची. असईचं नाव घरात ऐकत मोठी झाले. मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी पलटण पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. त्या दिवशी वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. त्या खांबाखाली उभं राहून आपल्या मुलांना असईची बाजू सांगायची, अशी माझी फार इच्छा आहे.

आता अडचणी. न्यूग्रेंजचा बोळ काही जागी इतका अरुंद आहे म्हणतात की अंग आडवं करून, वाकून जावं लागतं. एका मैत्रिणीला बंद जागेची भीती वाटते, एका मित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांनी काय करावं? वीस जणांना एकाच वेळी आत सोडतात का? तीन ठिकाणांचा क्रम कसा लावावा? मोनास्टरबॉइसचा म्युरेडाकचा कोरीव दगडी क्रूस सोडायचा जिवावर येतंय, तो कुठे बसेल का? आणि डँगनला जाता येतं का?

प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं नवानला राहते, पाहुण्यांना घेऊन या सगळ्या ठिकाणी जाणं होतं, म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी न्यूग्रेंजची तिकिटं काढ, बाकी दिवस त्या वेळेभोवती बसव. थेट न्यूग्रेंजच्या दारात जाऊन आत शिरता येत नाही. डोनोर गावाजवळच्या ब्रू ना बोन्या या पर्यटक केंद्रावर जायचं, तिथून पायी पूल ओलांडून बॉइन नदीच्या पलीकडे, मग त्यांचीच छोटी बस. ड्रायव्हरला पत्ता नीट दे. नकाशात नुसतं न्यूग्रेंज टाकलं तर गाडी नदीच्या भलत्याच काठाला जाते आणि तुमची वेळ चुकते. ग्रुप म्हणून आधी ईमेल केलंस तर बरं. आत लहान तुकड्यांनीच सोडतात, तुमचे दोन भाग होतील असं धरून चाल.

बोळाची भीती खरी आहे, पण बाहेर थांबलेल्यांचं नुकसान होत नाही. दारासमोरची आडवी शिळा डोळे भरून बघायला सांग. त्यावरची वेटोळी धातूचं हत्यार नसताना दगडानेच कोरलेली आहेत. टेकाडाभोवती अशा ९७ शिळा आहेत. आत गेलेल्यांनी मान वर करावी: दगड पुढे पुढे सरकवत सहा मीटर उंच छत केलंय आणि आजवर आत पाणी गळत नाही. गाइड दिवे घालवून किरण कसा येतो ते कृत्रिम प्रकाशाने दाखवतात. आत फोटो काढू देत नाहीत.

क्रम असा: सकाळी न्यूग्रेंज, तिथून पाऊण तासात ट्रिम, परतताना टारा. ट्रिमचा बुरूज गाइडसोबतच बघता येतो, जिने उभे आहेत, गुडघेवाल्या मित्राने खालीच फिरावं. हिवाळ्यात किल्ल्याच्या वेळा बदलतात, त्या आठवड्यात पुन्हा बघून घे. टाराला दार नाही, तिकीट नाही. मेंढ्या चरत असतात आणि गवत ओलं असतं, तेव्हा बूट चांगले हवेत. साडेतीनपर्यंत पोचलात तर लिया फॉल या राज्याभिषेकाच्या दगडापाशी उजेड मिळेल.

खाण्याचं म्हणशील तर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं सोबत न्या. केंद्रावर कॅफे आहे, पण शाकाहारी वीस जणांचं पोटभर जेवण तिथे होईल या भरवशावर राहू नकोस.

प्रतिसाद २

वरच्या ताईंशी सहमत. मोनास्टरबॉइस या दिवशी सोडाच. म्युरेडाकचा क्रूस साडेपाच मीटर उंच आहे, वरपासून खालपर्यंत बायबलमधले प्रसंग कोरलेले, अगदी तळाशी दोन मांजरं. घाईत बघण्याची ती गोष्ट नव्हे. मेलिफाँट, म्हणजे ११४२ सालचा आयर्लंडमधला सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधुसंघाचा पहिला मठ, तिथून जवळच आहे. त्या दोघांसाठी वसंतात वेगळा दिवस काढा.

डँगनला नेऊ नका. पडका वाडा आहे आणि जमीन खाजगी. त्याऐवजी वेलिंग्टनसाठी डब्लिनमध्येच फीनिक्स पार्कचा ६२ मीटर उंच स्तंभ बघा. त्याच्या तळाच्या काशाच्या शिल्पपट्टांपैकी एक हिंदुस्थानातल्या लढायांचा आहे आणि ते पट्ट वॉटर्लूला पकडलेल्या तोफा वितळवून ओतलेले आहेत. असई सांगायची तर ट्रिमइतकीच ती जागाही योग्य.

टाराबद्दल एक सुचवतो. मुलांना फक्त राजांच्या दंतकथा सांगू नका. १५ ऑगस्ट १८४३ ला आयरिश नेता डॅनियल ओ'कॉनेलने आयर्लंडचं ब्रिटनशी झालेलं एकत्रीकरण रद्द व्हावं म्हणून याच टेकडीवर लाखोंची सभा घेतली होती. तारीख वाचून आपली मुलं आपसूक कान टवकारतील.

धागाकर्तीचा प्रतिसाद

ताई, दादा, मनापासून आभार. न्यूग्रेंज, ट्रिम, टारा असं पक्कं केलं. सकाळची पहिली वेळ मिळते का बघते आणि केंद्राला आजच ईमेल टाकते. फीनिक्स पार्क त्याच्या आदल्या रविवारी करू, म्हणजे ट्रिमच्या खांबाखाली येईपर्यंत मुलांना वेलस्ली कोण ते माहीत असेल.

आता फक्त गाडी राहिली. मोठी कोच नको, गावांतले रस्ते अरुंद आहेत. ड्रायव्हरसह बावीस-चोवीस सीटची मिनीबस डब्लिनमधून कोणी घेतली असेल आणि अनुभव चांगला असेल तर कृपया व्यनि करा. पुढच्या शुक्रवारपर्यंत आगाऊ रक्कम भरायची आहे.