मदत हवी आहे: २ टीबी ड्राइव्ह विंडोज, मॅक आणि टीव्ही तिन्हीकडे कसा चालवावा?

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात नागपूरच्या बर्डीवरून २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. आईबाबांचे जुने व्हिडिओ टीव्हीवर बघता यावेत आणि माझ्या विंडोज लॅपटॉपवरून व ताईच्या मॅकबुकवरून नवे फोटो त्यात टाकता यावेत, एवढंच हवं आहे.

एनटीएफएसवर (ड्राइव्हवर फाइली साठवायचा विंडोजचा फॉरमॅट) टीव्ही छान चालतो, पण मॅकवर फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. एक्सफॅट हा दुसरा फॉरमॅट केला तर दोन्ही कॉम्प्युटर खूश, टीव्ही मात्र ड्राइव्ह ओळखतच नाही. फॅट३२ हा जुना फॉरमॅट चालणार नाही, कारण लग्नाची एकच फाइल ९ जीबीची आहे आणि तिथे मर्यादा ४ जीबीची. केबल, पोर्ट बदलून पाहिले. टीव्हीचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे, पार्टिशन टेबल (ड्राइव्हच्या पार्टिशनची, म्हणजे भागांची, नोंद) एमबीआर या जुन्या प्रकारचं आहे. सगळ्या डेटाची दुसरी प्रत जुन्या लॅपटॉपवर आहे, म्हणून पुन्हा फॉरमॅट करायला हरकत नाही. मॅकसाठी पैसे देऊन एनटीएफएसचं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही. ताई दिवाळीलाच घरी येते, तेवढ्यासाठी ते महाग पडतं.

दोन पार्टिशन करायचा विचार आहे: टीव्हीसाठी एनटीएफएस, बाकीचं एक्सफॅट. कुणी असं प्रत्यक्ष वापरलं आहे का? टीव्हीला एनटीएफएसचं पार्टिशन दिसावं म्हणून ते पहिलंच ठेवावं लागतं का?