गूगल ड्राइव्हमधील फाइलींची यादी दर वेळी पूर्ण न मागवता अद्ययावत कशी ठेवावी?

प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यासाठी मी जॅकार्ड (मागावर विणायच्या नक्षीच्या) डिझाइनच्या फाइलींची सूची सांभाळतो. दर पंधरा मिनिटांनी ड्राइव्हच्या एपीआयकडून (आपल्या प्रोग्रामने ड्राइव्हशी बोलण्याच्या सोयीकडून) पूर्ण यादी मागवत असल्यामुळे आता ४२९ क्रमांकाची, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या' अशी त्रुटी वारंवार येते. बदलाच्या वेळेनुसार गाळणी लावून पाहिली, तेव्हा विनंत्या कमी झाल्या. परंतु डिझायनरने कायमच्या काढून टाकलेल्या फाइली आमच्या सूचीत तशाच राहतात आणि रद्द झालेले डिझाइन मागावर चढण्याचा धोका निर्माण होतो. यावर खात्रीचा उपाय कोणता?

उत्तर १

जी फाइल ड्राइव्हवर उरलेलीच नाही, ती कोणत्याही गाळणीतून आपल्या हाती येणार नाही. त्यासाठी एपीआयमधील बदलांची नोंदवही, म्हणजे 'चेंजेस', वापरावी. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी आरंभीचे टोकन, म्हणजे नोंदवहीत आपण कुठवर आलो ती खूण, घेऊन जपून ठेवावे आणि मगच पूर्ण यादी एकदा उतरवून घ्यावी, कारण यादी उतरत असताना कोणी फाइल बदलली आणि टोकन नंतर घेतले, तर तो बदल कायमचा निसटतो. उत्तर पानापानांनी येते; पानाचा आकार न सांगितल्यास एका पानात १०० नोंदी मिळतात. तो १००० पर्यंत वाढवता येतो. पुढे त्या टोकनापासूनचे बदल तेवढे मागवावेत. शेवटच्या पानासोबत येणारे नवे टोकन आणि सूचीतील बदल डेटाबेसमध्ये एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही एकत्र नोंदले जातील किंवा एकही नाही अशा रीतीने) नोंदवावेत, म्हणजे मध्येच वीज गेली तरी दोन्हींचा मेळ राहील.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो: सूचीत फाइलीचा पूर्ण मार्ग साठवू नका. ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकतात. शिवाय फोल्डर हलवल्यास बदल त्या फोल्डरचा नोंदला जातो, आतल्या प्रत्येक फाइलीचा नव्हे. म्हणून फाइलीचा आयडी आणि तिच्या पालक फोल्डरचा आयडी ठेवावा व मार्ग गरजेनुसार जुळवावा. बदलाच्या नोंदीतील 'रिमूव्ह्ड' ही खूण फाइल पुसल्यावर येते, तशीच आपला प्रवेश काढून घेतल्यावरही येते. कचरापेटीतील फाइलीसाठी मात्र 'ट्रॅश्ड' हे क्षेत्र वेगळे तपासावे लागते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. बदलाची सूचना ड्राइव्हकडूनच आपोआप मिळवली, तर दर पंधरा मिनिटांची विचारणा बंद करता येईल का?

उत्तर १

पूर्णपणे बंद करू नये. ती सूचना काहीतरी बदलले एवढेच कळवते. काय बदलले ते टोकन देऊन विचारावेच लागते. शिवाय सूचना मिळवण्यासाठी केलेल्या नोंदणीची मुदत जास्तीत जास्त एक आठवडा असते, ती संपण्यापूर्वी नवी करावी लागते. सूचना लावा, पण तासाभराने एकदा विचारणा चालू ठेवा.