ग्रेनाडाची रिव्हर अँटोइन राहून गेली

बार्बाडोस बेटावरची माउंट गे ही रम डिस्टिलरी बघितली की कॅरिबियन रम कळली, असं काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. माउंट गेत रम गाळली जात असल्याचा १७०३ चा दस्तऐवज खरा, रमही उत्तम. पण बहुतेक पर्यटक जातात ते राजधानी ब्रिजटाउनमधल्या त्यांच्या व्हिजिटर सेंटरला. तिथे चव घ्यायला मिळते. रम गाळली जाते ती बेटाच्या उत्तर टोकाला, सेंट लुसी या भागात.

रम होताना बघायची असेल तर ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाच्या उत्तर भागातली रिव्हर अँटोइन डिस्टिलरी गाठा. १७८५ पासूनचा कारखाना, उसाचा चरक अजून पाणचक्कीवर फिरतो. आपल्याकडचं गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला आत शिरताच ओळख पटेल: चुलाणात वाळलेली चिपाडं जळतायत, वर ओळीने काहिली, आणि माणसं लांब दांड्याच्या डावांनी उकळता रस एकातून दुसऱ्या काहिलीत टाकतायत. पुढे तो रस उघड्या हौदांत हवेतल्याच यीस्टवर आंबतो. इतकं सगळं डोळ्यांसमोर घडताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

खरेदीआधी बाटलीवरचा आकडा मात्र बघाच. इथली नेहमीची रम ७५ टक्के अल्कोहोलची, आणि ७० टक्क्यांवरची दारू विमानात चालत नाही, चेक-इन सामानातसुद्धा नाही. म्हणून प्रवाशांसाठी ते ६९ टक्क्यांची वेगळी बाटली विकतात, तीच घ्या. ७५ वाली तिथल्याच एखाद्या रम शॉपमध्ये घोटभर चाखा, वर लगेच पाणी. गाडी स्वतः चालवू नका, रस्ता डोंगरातला आणि वळणांचा आहे.