युनियन होती, मग पक्ष कशाला? (इंग्लंडचा मजूर पक्ष)

मिरजेची मुक्ता:
पेपर तोंडावर आलाय आणि वहीत एकच ओळ आहे, '1900 साली मजूर पक्ष स्थापन झाला.' पण तिथं कामगार संघटना आधीपासून होत्या, माणसं होती, वर्गणी होती. मग पक्ष कशाला काढला? सर म्हणतात 'समाजवादी विचारांचा प्रभाव' लिही. मला पटेना.

जुना खजिनदार, कुपवाड:
सरांचं उत्तर लिही बाळ, मार्क मिळतील. पण मी इथल्या एमआयडीसीत अकरा वर्षं युनियनचा खजिनदार होतो, माझी नजर आधी पैशाकडं जाते.

1899 साली ट्रेड युनियन काँग्रेसच्या (तिथल्या युनियनांच्या महासंघाच्या) प्लिमथच्या अधिवेशनात ठराव आला, पार्लमेंटात कामगारांची माणसं पाठवायची काहीतरी सोय करा. ठराव रेल्वे कामगारांच्या युनियनच्या डॉनकास्टर शाखेचा. पुढच्या फेब्रुवारीत लंडनला बैठक, रॅम्से मॅकडोनल्ड सेक्रेटरी. नावात 'पक्ष' नव्हताच, 'कामगार प्रतिनिधित्व समिती' म्हणायचे. त्या वर्षी निवडून आले दोघं. त्यातला एक केअर हार्डी, पोरवयापासून कोळशाच्या खाणीत राबलेला. बऱ्याच मोठ्या युनियन अजून काठावरच. खाणकामगारांची फेडरेशन तर 1909 साली आत आली.

त्याच 1900 च्या ऑगस्टमध्ये वेल्सच्या टाफ व्हेल रेल्वेवर संप झाला. कंपनीनं दावा लावला तो थेट युनियनवर, आमचं नुकसान भरून द्या म्हणून. 1901 ला हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, कंपनीची बाजू उचलली. भरपाई 23,000 पौंड, कोर्टखर्च वेगळा. आणि युनियन कुठली? तीच, ठराव मांडणारी!

हे वाचलं आणि आमचा डबा आठवला. बिस्किटाचा, पत्र्याचा, झाकण चेपलेलं, चमच्यानं उचकटायला लागायचं. महिना पाच रुपये वर्गणी. संपाच्या तिसऱ्या दिवशी मनाई हुकूम आला, गेटपासून शंभर मीटरच्या आत घोषणा द्यायच्या नाहीत. डब्यात 4,160 रुपये होते, वकिलाच्या दोन तारखांत निम्मे गेले. पोरं विचारायची, "अण्णा, आमच्या घामाचा पैसा कोर्टात का?" काय सांगणार? कायदा करतात तिथं आपलं कोण बसलंय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात मोजलं. कुणीच नाही.

तिकडच्या खजिनदारांनीही मोजलं असणार. 1901 ला समितीशी जोडलेले सभासद पावणेचार लाखांच्या आसपास होते, 1903 ला साडेआठ लाखांवर गेले. 1906 ला 29 खासदार आले, तेव्हा कुठं 'मजूर पक्ष' हे नाव पडलं. त्याच वर्षी कायदा होऊन संपाच्या भरपाईतून युनियनचा फंड सुटला.

कोरेगावकर:
अण्णा, डबा झकास, पण सगळं श्रेय कोर्टाला नको. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम मिलमध्ये मजुरी कापली, संप 1891 ला फसला, आणि तिथल्या कामगारांचा लिबरल पक्षाच्या पुढाऱ्यांवरचा भरवसाच उडाला. 1893 ला इंडिपेंडंट लेबर पार्टी निघाली ती त्याच गावात. शिवाय 1867 आणि 1884 च्या कायद्यांनी बऱ्याच पुरुष कामगारांना मत मिळालं होतं. मतच नसतं तर तुमचा डबा कुणी विचारला असता?

जुना खजिनदार, कुपवाड:
मताचं मान्य. पण ब्रॅडफर्डवाल्यांनी 1895 ला 28 उमेदवार उभे केले, सगळे पडले. खुद्द हार्डीसुद्धा. विचार होता हो, डबा नव्हता.

सातारकर:
इंग्लंडावरून भांडताय, आपल्याकडचं पण बघा. डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. औद्योगिक कलह विधेयक संपाचा हक्क आवळायला निघालं, तेव्हा 7 नोव्हेंबर 1938 ला या पक्षानं कम्युनिस्टांना बरोबर घेऊन मुंबईत संप केला. इथंही भांडण कायद्याशीच. (आणि 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव आमच्या साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. योगायोग आहे, पण साताऱ्याचा माणूस हे सांगितल्याशिवाय राहायचा नाही.)

मिरजेची मुक्ता:
टाफ व्हेल पहिल्या परिच्छेदात घेते, ब्रॅडफर्ड दुसऱ्यात. काका, डब्याचं पुढं काय झालं?

जुना खजिनदार, कुपवाड:
दावा चार वर्षं चालला. शेवटी 310 रुपये उरले. नव्या खजिनदाराला मोजून दिले आणि त्याची पावती घेतली. ती अजून आहे माझ्याकडं.