ऑफिसात खंडेनवमीची पूजा आणि मी ख्रिस्ती, काय करावं?

बारनिशी_टेबल (मिरज)

सगळ्यांना नमस्कार, सलाम. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितीय, मोठं झालं तर सांभाळून घ्या. मी मिरजेची, आमचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती, आजी मिशन हॉस्पिटलला नर्स होती. मी सरकारी नोकरीत कारकून आहे, जूनमध्ये बदली होऊन जिल्ह्यातल्याच एका तालुक्याला आले, ऑफिस कुठलं ते नाही सांगत. आवक-जावक बारनिशी माझ्याकडं. माणसं चांगली आहेत हे आधीच सांगते, डबा सगळे एकत्र खातो, कुणाचा काही त्रास नाही.

तर पुढच्या आठवड्यात खंडेनवमी. मागच्या वर्षीचे फोटो दाखवले मला, सगळी रजिस्टरं एका टेबलावर रचून त्यावर हळदकुंकू, प्रिंटरला झेंडूची माळ, मॉनिटरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट, गोल शिक्का पण ताम्हणात ठेवलेला. साहेब म्हणाले मॅडम यंदा तुम्ही नवीन, आरती तुमच्या हातून होऊ दे. आडनावावरून त्यांना कळलं नव्हतं. मी म्हटलं सर मी ख्रिस्ती आहे. जरा वेळ कुणी बोललंच नाही, मग साहेबच म्हणाले अहो मग काय झालं, देव एकच, आणि नाताळला आपण इथंच केक कापू की, झाली ना बरोबरी.

ते मनापासून म्हणाले, मला माहितीय. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दोन वर्षांपूर्वी पप्पा आयसीयूत होते, पाळकसाहेब येईपर्यंत रात्रीचे तीन वाजले, तोवर मी एकटीच बाहेरच्या लोखंडी बाकावर बसून देवाशी बोलत होते, भांडत पण होते खरं तर. त्या रात्रीपर्यंत विश्वास घरचा होता, त्या रात्री माझा झाला. तेव्हापासून रोज पहाटे पंधरा मिनिटं बसते, कुणाला सांगत नाही. आता ताट हातात घेऊन उभी राहिले आणि मनात ते नसेलच, तर ते माझ्या देवाशी खोटं आणि त्यांच्या देवीशी पण खोटंच की.

आरतीला नाही म्हणायचं हे माझं ठरलंय. पण बाजूला उभं राहायचं का? प्रसाद घ्यायचा का? वर्गणी २०० रुपये आहे ती द्यायची का? आणि ऑफिस सरकारचं आहे तर कायदा काय म्हणतो? केकचं पण सांगा, कारण मला तोही नको वाटतोय आणि का ते नीट सांगता येत नाहीये.

साताऱ्याचा_म्हातारा

मुली, सलाम. मी पण चाळीस वर्षं नोकरी केली, सरकारी नाही पण पूजा तिथंही असायचीच. चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे एल्डर, म्हणून काम केलंय त्यामुळं हा प्रश्न दर दसऱ्याला कुणीतरी घेऊन यायचंच.

लोक अशावेळी लगेच बायबलमधल्या दानीएलाचं उदाहरण देतात, खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना करणारा, सिंहांच्या गुहेत गेला पण वाकला नाही. ते खरंच आहे. पण तो दानीएल पहिल्या अध्यायात काय करतो ते वाच. राजाचं अन्न नको होतं तर तमाशा केला नाही, वरच्या अधिकाऱ्याकडं जाऊन विनंती केली, दहा दिवस भाजीपाला देऊन बघा म्हणाला. आधी विनंती, तीही अदबीनं. आणि त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या कामात खोट शोधली तर सापडली नाही हे पण तिथंच पुढं लिहिलंय.

दुसरा माणूस नामान, हा कुणाला आठवत नाही. बायबलात २ राजे, पाचवा अध्याय. हा अरामाचा सेनापती, म्हणजे सरकारी नोकरच. कोड बरं झाल्यावर खऱ्या देवाचा झाला, पण घरी निघताना अलीशा संदेष्ट्याला विचारतो की माझा राजा त्याच्या रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, मलाही वाकावं लागतं, एवढं परमेश्वर माफ करेल का. अलीशा रागावला नाही, शांतीनं जा म्हणाला. म्हणून तू बाजूला आदरानं उभी राहिलीस तर तुझा विश्वास बुडत नाही.

प्रसादाचं बायबलात पौलानं करिंथकरांना लिहून ठेवलंय, पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय. पुढं येईल ते चौकशी न करता खा म्हणतो, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे तर खाऊ नको, तेही तुझ्यापेक्षा त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी. मी स्वतः घ्यायचो नाही. माझी बायको शाळेत शिक्षिका, ती घ्यायची. आमचं यावरून कधी वाजलं नाही.

अजून एक. आमच्या साताऱ्यातच १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही त्यात. म्हणजे मिशनपेक्षा पण माणसाचं ख्रिस्ताशी थेट नातं मोठं मानलं. त्यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला होता आणि घर किती पोळलं त्यात ते सगळ्या महाराष्ट्राला माहितीय, तरी तुकोबा त्यांनी सोडला नाही. मला हे फार धीर देतं. आपण ख्रिस्ताचे झालो म्हणून शेजाऱ्यांचे परके होत नाही.

निवृत्त_अव्वल_कारकून (सांगली)

ताई, मी हिंदू, पूजाअर्चा करणारा. महसूल खात्यात ३१ वर्षं काढली आणि त्यातली वीसेक वर्षं खंडेनवमीची पूजा मीच मांडायचो. तुमचं वाचून आमचे ड्रायव्हर आठवले. मुसलमान होते. जीपला माळ तेच बांधायचे, बोनेट पुसून लख्ख करायचे, लिंबू पण तेच आणायचे आणि आरती सुरू झाली की मागं हापशावर बादली घेऊन जायचे. मी त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्हाला हे चालतं का. त्यांनीही कधी तक्रार केली नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणजे सगळ्यांना चालतं असंच मी धरून चाललो. आता ते नाहीत.

घटना समितीत १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामतांनी दुरुस्ती मांडली होती की उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावानं करा. मतदान झालं, बाजूनं ४१ आणि विरोधात ६८. विरोध करणारे काय सगळे नास्तिक नव्हते, बरेच जण स्वतः देवभक्त होते. हृदयनाथ कुंझरूंचं म्हणणंच असं होतं की ज्याच्या-त्याच्या मनातली ही गोष्ट, ती सगळ्यांवर लादायची नाही. म्हणून आज आपण ‘आम्ही भारताचे लोक’ पासून वाचतो. मंत्र्याच्या शपथेत पण बघा, ‘ईश्वरसाक्ष’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक’, दोन्ही मोकळे ठेवलेत. देव मानणाऱ्यांनी ठेवलेत ते. साहेबांशी आधीच दोन मिनिटं एकटं बोला, चारचौघात नको, म्हणजे त्यांनाही अवघड होणार नाही.

कोर्टाची_पायरी

वकिली करतो, सांगलीतच. धर्मनिरपेक्ष हा शब्द उद्देशिकेत १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीनं आला हे लोक सारखं सांगतात, पण कलम २५ ते २८ पहिल्या दिवसापासून आहेत. २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य पहिलं येतं, आचरण प्रचार वगैरे नंतर. ऑफिसात पूजा करूच नका असं घटनेत शब्दशः लिहिलेलं नाही, आणि वर्गणी म्हणजे कर नाही त्यामुळं कलम २७ इथं लागत नाही, पण म्हणूनच ती द्यायची सक्तीही नाही.

तुमच्या बाजूचा सगळ्यात जवळचा निकाल म्हणजे बिजो इमॅन्युएल, १९८६. केरळमधली तीन भावंडं, यहोवा साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची, राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण गायची नाहीत. १९८५ मध्ये शाळेनं काढून टाकलं. हायकोर्टात हरली. सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी यात एक फार महत्त्वाचं धरलं, की तो विश्वास तुम्हाला आम्हाला पटतो का हा प्रश्नच नाही, तो खरा आणि मनापासून आहे का एवढंच बघायचं. आता राष्ट्रगीताला जर हे लागू होतं तर टेबलावरच्या आरतीला कोण सक्ती करणार.

निळं_आभाळ

जय भीम ताई. मी झेडपीत. आम्हा बौद्धांना बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा आहेत, देवदेवतांची पूजा करणार नाही अशा, त्यामुळं दरवर्षी हेच. मी त्या वेळात स्टोअर उघडून बसतो. सगळ्यांना माहितीय, आता कुणी विचारत पण नाही. पहिल्या वर्षी जड जातं फक्त.

कृष्णाकाठ_७९

ताई रागावू नका, तुमचा प्रश्न पेढ्याचा आहे, आमचा दाखल्याचा आहे, पण मुळात एकच आहे म्हणून लिहितो. आम्ही दोघं भाऊ, एका वस्तीतले, एकाच नळाचं पाणी. मी बाप्तिस्मा घेतला. धाकटा येतो रविवारी उपासनेला, शेवटच्या बाकावर बसतो, गाणी सगळी पाठ आहेत त्याला, पण बाप्तिस्मा घेतला नाही कारण पोरांचा जातीचा दाखला जाईल. प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचं ताट बाप्तिस्मा झालेल्यांनाच असतं, ते त्याच्या पुढनं जातं तेव्हा तो मान खाली घालतो आणि मी दुसरीकडं बघतो.

१९५० चा आदेश आहे अनुसूचित जातींचा, त्यात आधी फक्त हिंदू, मग १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. २०२४ च्या नोव्हेंबरात पुद्दुचेरीच्या एका बाईंची केस सुप्रीम कोर्टात हरली, कारकुनाच्या जागेसाठी हिंदू म्हणून दाखला मागितला होता आणि बाप्तिस्मा झालेला निघाला, कोर्ट म्हणालं ही घटनेची फसवणूक आहे. खोटं बोलू नये हे मला पण मान्य आहे. पण मला सांगा, माझी वस्ती तीच, गावाची बघायची नजर तीच, मग मी कुणाची प्रार्थना करतो यावरनं सरकारनं माझं मागासलेपण का ठरवायचं? सरकार जर खरंच माझ्या आणि देवाच्या मधी येत नसेल तर हा रकाना तिथं कसा? माझ्या भावाला हे रोज मोजावं लागतं. तुम्ही निदान उघडपणे मी ख्रिस्ती आहे म्हणू शकलात, त्याची किंमत लय आहे ताई.

वाईचा_पोरगा

मी सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत शिकतोय, केकबद्दल लिहितो, कारण मला वाटतं ताईंना तिथंच खरं टोचलंय. साहेब म्हणतात ते सर्वधर्मसमभाव, सगळ्यांचं थोडं थोडं करू. चांगल्या मनाचं आहे, पण त्यात ज्याची माणसं जास्त त्याचं आपोआप जास्त होणार, आणि ज्याचं कुणीच नाही त्याचं काय? आणि ख्रिस्ती माणसानं तर सरकारी टेबल स्वतःसाठी पण मागू नये असं मला वाटतं. येशूच म्हणतो, कैसराचं म्हणजे बादशहाचं कैसराला, देवाचं देवाला. आपण हे विसरलो तेव्हा काय झालं ते इतिहासात आहेच, ३८० साली रोमच्या बादशहानं ख्रिस्ती धर्म राज्याचा धर्म केला आणि पुढं छळ सोसणारेच छळ करणारे झाले.

रॉजर विल्यम्स म्हणून एक पाळक होता, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या ख्रिस्ती सरकारनं त्याला हाकललं कारण तो म्हणायचा सरकारनं माणसाच्या विवेकात हात घालू नये. १६३६ ला त्यानं प्रॉव्हिडन्स वसवलं, तिथं कुणालाही आपल्या श्रद्धेनं राहता यायचं. तो नास्तिक नव्हता, उलट इतका कडक विश्वासू की जबरदस्तीची उपासना म्हणजे देवाचा अपमान मानायचा. ताई तुम्ही ताटाबद्दल जे लिहिलंत, दोन्हीकडं खोटं होईल म्हणून, तेच तो म्हणत होता.

बारनिशी_टेबल (मिरज)

दसरा झाला, उशिरा लिहितीय, माफ करा. सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं. कृष्णाकाठ दादा, तुमच्या भावाचं वाचून माझा प्रश्न फार लहान वाटला, मी आमच्या पाळकसाहेबांना ते वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते. भावासाठी रोज प्रार्थना करतीय.

साहेबांना एकटं भेटून सांगितलं. म्हटलं सर, नाही म्हणतीय ते तुमच्या देवाला कमी लेखून नाही, खोटं करायला नको म्हणून. ते म्हणाले मग हे आधी कुणी सांगितलं कसं नाही. वर्गणी दिली नाही, त्याऐवजी चहा माझ्याकडून. आदल्या संध्याकाळी रजिस्टरं मात्र मी झाडली, सगळी, १९९० च्या पुढची, नाक भरून धूळ. ते काम माझंच आहे.

पूजेच्या वेळी मी बारनिशीच्या खिडकीत बसले. आत घंटा वाजत होती आणि एक आजोबा कुठल्यातरी वाडीवरनं दोन एसट्या बदलून अर्ज घेऊन आलेले, आज पूजा आहे म्हटल्यावर उद्या येऊ का म्हणाले. उद्या सुट्टी होती. म्हटलं नाही आजोबा, द्या इकडं. नोंद केली, पोच दिली. शिक्का तेवढा ताम्हणात होता म्हणून ते वीस मिनिटं बाकावर थांबले, शिक्का परत आला तेव्हा त्याला कुंकू लागलेलं, पोचेवर निळ्या शाईत थोडं लाल उमटलं.

केकला नको म्हटलं, नाताळला सगळ्यांना घरी बोलावलंय करंज्या खायला. साहेब सहकुटुंब येणार म्हणालेत.

आणि आमचे शिपाईमामा, त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, सगळं उरकल्यावर कागदात गुंडाळून एक पेढा घेऊन आले. म्हणाले मॅडम, हा पुढं ठेवला नव्हता, बॉक्समधलाच वेगळा काढलाय सकाळी. खाल्ला मी.