मिनी ट्रॅक्टरच्या लिफ्टला टिल्ट सिलेंडर बसवायचा आहे, तेल कुठून घ्यावं?

निफाडचा बागाईतदार:
राम राम मंडळी. साडेतीन एकर थॉमसन द्राक्ष आहे, लागण 9 बाय 5 फूट. ट्रॅक्टर 24 एचपीचा, फोर व्हील, सहा वर्षं झाली. रान एका अंगाला उताराचं आहे. ऑक्टोबर छाटणीआधी बोदावर शेणखत टाकून माती लावतो, तेव्हा जाताना ट्रॅक्टर उजवीकडे कलतो आणि येताना डावीकडे. ब्लेडचं खालच्या अंगाचं टोक खोल घुसतं आणि मुळ्या तोडतं. म्हणून दर ओळीच्या टोकाला उतरून उजव्या लिफ्ट रॉडचं हँडल फिरवावं लागतं. एका प्लॉटला 48 ओळी. हे काम वडील करतात, त्यांना आता 64 वर्षं आहेत आणि गुडघे साथ देत नाहीत. त्यासाठीच हे करायचंय.

त्या हँडलच्या रॉडच्या जागी दोन्हीकडून तेलाने हलणारा, डबल अ‍ॅक्टिंग सिलेंडर टाकायचा विचार आहे. किती बोअर (आतला व्यास), किती स्ट्रोक (हलण्याची लांबी)? व्हॉल्व्हला तेल कुठून घ्यायचं?

दुसरी अडचण, 400 लिटरचा फवारणीचा ब्लोअर पूर्ण भरला की लिफ्ट अर्ध्यावर थांबते. आमचा मिस्त्री म्हणतो रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडून देतो तो) स्प्रिंगखाली वॉशर टाकू, ताकद वाढेल. टाकावा का?

तासगावकर:
दादा, वॉशर टाकून घ्या खुशाल. आमच्या ट्रॅक्टरला चार वर्षांपासून आहे, ब्लोअर भरून उचलतोय. सिलेंडरचं मला माहीत नाही.

पिंपळगाव हायड्रॉलिक काम:
निफाडकर भाऊ, वॉशरला हात लावू नका. तासगावकर दादांचा राग नाही, त्यांचं चाललं असेल. पण मी 22 वर्षं पंप आणि सिलेंडरच उघडतोय. वॉशर घातलेल्या लिफ्टचं वरचं झाकण बोल्टाच्या भोकापासून तडकलेलं तीन वेळा माझ्या टेबलावर आलंय. बिडाचं झाकण आहे ते, वेल्डिंग धरत नाही.

आधी मला तीन गोष्टी सांगा. सकाळी गार ट्रॅक्टरवर भरलेला ब्लोअर पूर्ण वर जातो का? गरम झाल्यावर रेस वाढवली तर थोडा जास्त उचलतो का? आणि लिफ्ट अर्ध्यावर थांबते तेव्हा सीटखालून शिट्टीसारखा आवाज येतो का? शिट्टी म्हणजे रिलीफ उघडतोय, म्हणजे दाब पुरा आहे आणि ओझंच जास्त आहे. शिट्टी नसेल तर दाब रिलीफपर्यंत पोचतच नाही, मग वॉशर टाकून काय होणार?

आता सिलेंडर. 40 मिमी बोअर, 22 मिमीचा रॉड, 10 सेंमी स्ट्रोक भरपूर झाला. तुमच्या हँडलच्या रॉडचं पिन ते पिन अंतर मोजा. समजा 41 सेंमी आलं, तर सिलेंडर बंद 36 आणि उघडा 46 असा बनवून घ्या, म्हणजे मध्यावर ठेवला की ब्लेड सपाट. रॉड खालच्या लिंकला (अवजार जोडतात त्या दांडीला) मधेच जोडलेला असतो, त्यामुळे सिलेंडर 10 सेंमी हलला तर लिंकचं टोक 17-18 सेंमी हलतं. दोन लिंकांच्या टोकांत 50 सेंमी अंतर धरलं तर 4 फुटी ब्लेडच्या दोन टोकांत मध्यापासून प्रत्येक बाजूला 20 सेंमीपर्यंत फरक पाडता येईल. तुमच्या उताराला एवढा लागणारही नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा सिलेंडर ओझं ढकलत नाही, त्याला ओझं लटकलेलं असतं. म्हणून ताकद रॉडच्या बाजूची धरायची. 150 बारला तिकडून साधारण 1300 किलो ओढतो, ब्लेड आणि रोटाव्हेटरला पुरून उरतं. पण स्पूल व्हॉल्व्ह, म्हणजे लिव्हरने तेल इकडे-तिकडे वळवणारा व्हॉल्व्ह, कितीही नवा असला तरी आतून थोडा गळतोच आणि ओळीच्या मध्यापर्यंत ब्लेड हळूच कलतं. त्यासाठी डबल पायलट चेक, म्हणजे लॉक व्हॉल्व्ह लावा. तोही सिलेंडरच्या अंगावरच, व्हॉल्व्हच्या शेजारी नाही. मग होज फुटला तरी अवजार जागेवर राहील.

पुस्तकात पंप मिनिटाला 15 लिटरचा दिला असेल तर 10 सेंमीचा स्ट्रोक अर्ध्या सेकंदात पूर्ण होईल. एवढ्या झटक्याने ब्लेड हलवलं तर काम होत नाही. दोन्ही होजांत थ्रॉटल (तेलाची वाट बारीक करणारा) टाका, तीन-चार सेकंद लागले पाहिजेत.

आता तेल. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. तुमचा ट्रॅक्टर ओपन सेंटर आहे, म्हणजे पंप चालू तोवर तेल फिरतच असतं. व्हॉल्व्ह पंप आणि लिफ्टच्या मधे बसवायचा. पण साधा व्हॉल्व्ह आणून त्याच्या टाकीच्या तोंडातून लिफ्टला तेल देऊ नका. लिफ्ट ओझं उचलते तेव्हा तोच दाब उलटा व्हॉल्व्हच्या रिटर्न गल्लीत येतो आणि ती गल्ली दाबासाठी बनवलेली नसते. 2009 साली मी स्वतः असा व्हॉल्व्ह बसवला होता, गिऱ्हाईकाच्या ट्रॅक्टरवर. पहिल्यांदा रोटाव्हेटर उचलला आणि शेवटच्या टोपीची ओ-रिंग जिभेसारखी बाहेर आली. तेल थेट सायलेन्सरवर. पांढऱ्या धुरात ड्रायव्हर दिसेना. मी पळत जाऊन इंजिन बंद केलं. त्या दिवसापासून पॉवर बियॉन्डची स्लीव्ह असलेल्या व्हॉल्व्हशिवाय मी काम घेत नाही. त्याला तीन वाटा असतात: पंपाकडून आत, पॉवर बियॉन्डमधून लिफ्टला आणि टाकीची वेगळी लाईन थेट गिअरबॉक्समध्ये. व्हॉल्व्हचा स्वतःचा रिलीफ ट्रॅक्टरच्या रिलीफइतकाच किंवा थोडा कमी ठेवा, आणि तो गेज लावूनच सेट करा. 250 बारचा ग्लिसरीन गेज कायमचा बसवला तर उत्तम.

होज दोन जाळीचे घ्या. पाण्याचे जीआय निप्पल चुकूनही नको. आटे बीएसपी (सरळ पाईप आटे) असतील तर डाऊटी वॉशर (रबर लावलेला लोखंडी वॉशर) लावा, टेफ्लॉन टेप नको. टेपची एक तार सुटून स्पूलमध्ये गेली की व्हॉल्व्ह मध्यावर परत येत नाही. अशा तारा मी चिमट्याने काढल्यात, केसाएवढ्या असतात.

बारामतीची शेतकरी ताई:
पिंपळगावच्या दादांनी सगळं छान लिहिलंय, एक राहिलंय. होज गळतो का ते हाताने बघू नका. माझ्या दिराने बघितलं होतं. तर्जनीवर सुई टोचल्यासारखा ठिपका, रक्तही नाही, म्हणून रात्री झोपून गेला. सकाळी हात मनगटापर्यंत सुजून काळानिळा. दाबाचं तेल कातडीतून आत जातं आणि आतलं मांस मरतं. ऑपरेशन करून बोट अर्धं काढावं लागलं. पुठ्ठा धरून बघा, त्यावर डाग पडतो. आणि तसा ठिपका दिसलाच तर दुखो न दुखो, त्याच तासाला दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाचं तेल आत गेलंय.

निफाडचा बागाईतदार:
ताई, वाचून अंगावर काटा आला. वडिलांनाही वाचून दाखवलं.
पिंपळगावचे दादा, तिन्ही तपासलं. सकाळी गार असताना भरलेला ब्लोअर पूर्ण वर जातो. तासाभराने अर्ध्यावर. रेस वाढवली की चार बोटं जास्त. शिट्टी अजिबात नाही.

पिंपळगाव हायड्रॉलिक काम:
मग रिलीफचा काही दोष नाही. पंप झिजलाय. गार तेल घट्ट असतं म्हणून दाब धरतं, गरम झालं की पातळ होऊन गिअर आणि बाजूच्या प्लेटमधून मागे पळतं. डिपस्टिक काढून बघा, तेल दुधाळ आहे का?

निफाडचा बागाईतदार:
दुधाळच आहे दादा. चहासारखं. ट्रॅक्टर धुताना गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं आहे तिथून पाणी गेलं असणार.

पिंपळगाव हायड्रॉलिक काम:
तेच कारण. तेल पूर्ण बदला, जाळी धुवा, रबर नवं टाका, मगच पंप बसवा. नाहीतर नवा पंपही त्याच पाण्याने जाईल. आणि खालच्या लिंकला लिफ्ट रॉडसाठी दोन भोकं असतील तर ब्लोअरच्या वेळी मागच्या भोकात जोडा. उंची कमी मिळते, पण ताकद वाढते. कंपनीने छापलेली 750 किलोची क्षमता लिंकच्या टोकावरची असते, ब्लोअरची टाकी त्याच्या दीड-दोन फूट मागे असते. पुढे वजनं लावल्याशिवाय भरला ब्लोअर घेऊन बांध चढू नका, पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही.

निफाडचा बागाईतदार:
सहा आठवड्यांनी लिहितोय. पंप उघडला तर पितळी प्लेटवर नखाला लागतील अशा रेघा. नवा टाकला. गेज आधी गरमवर 105 बार दाखवायचा, आता 150 ला शिट्टी वाजते आणि ब्लोअर पूर्ण वर जातो. मागच्या भोकाची गरजच पडली नाही. पुढे चार वजनं लावली.

टिल्ट सिलेंडर परवा बसला. 40 बोअर, लॉक व्हॉल्व्ह अंगावर, पॉवर बियॉन्डचा व्हॉल्व्ह सीटच्या उजव्या हाताला. थ्रॉटल पिळत पिळत साडेतीन सेकंदांवर आणला. वडिलांनी काल 48 ओळी केल्या, एकदाही उतरले नाहीत. संध्याकाळी ब्लेडच्या टोकाला हात लावून बघत होते, पांढऱ्या मुळीचा एक तुकडा नव्हता.

एक विचारायचं राहिलं. रोटाव्हेटर जोडल्यावर टिल्ट पूर्ण टोकाला नेला तर रोटाव्हेटर फिरवणाऱ्या जॉइंट शाफ्टचा क्रॉस (सांधा) वाजतो. तिथे सिलेंडरला अडकण लावू का, की शाफ्ट बदलावा लागेल?