कोरुंदचे हंगेरियन आणि आपण सीमाभागवाले: पंचायतीचा कागद कुठल्या भाषेत?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)
रोमानियात हरघिता जिल्ह्यात कोरुंद नावाचं कॉम्यून आहे. वस्ती बहुतेक सगळी हंगेरियन, मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. ही माणसं रोमानियात आली कशी? आणि पंचायतीत त्यांची भाषा चालते का? आमच्या शेताच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव आहे, पण कन्नडात. आई तो हातात धरते आणि दुसऱ्याकडून वाचून घेते. मला हे फार लागतं, म्हणून विचारतोय.

चंदगडचा_पाहुणा
माणसं आली नाहीत, सरहद्द आली. पहिल्या महायुद्धात हंगेरी हरली, १९२० च्या ट्रियानॉन तहानं ट्रान्सिल्व्हेनिया, म्हणजे कोरुंद ज्यात येतं तो मुलूख, रोमानियाकडं गेला. १९४० मध्ये जर्मनी-इटलीनं व्हिएन्नात दिलेल्या निवाड्यानं उत्तरेचा भाग, त्यात कोरुंदही, परत हंगेरीला. १९४४ ला ते हंगेरीच्या हातून गेलं, मधे काही महिने सोव्हिएत लष्कराचा अंमल, मग पुन्हा रोमानिया. १९४७ च्या पॅरिस तहानं तेच कायम.

येळ्ळूर_शिवार
मलप्रभाकाठ दादा, मुद्द्याची गोष्ट त्यानंतरची आहे. १९५२ मध्ये तिथं हंगेरियन स्वायत्त प्रदेश केला, १९६० ला त्याच्या हद्दी बदलल्या, १९६८ ला तो मोडून जिल्हे पाडले. वरून दिलेलं वरूनच काढून घेतलं. टिकाऊ काही मिळालं ते २००१ च्या कायद्यानं: गावात २० टक्के लोक अल्पसंख्याक भाषेचे असतील तर कचेरीत त्यांना आपल्या भाषेत अर्ज देता येतो, उत्तर मिळतं, पाट्या दोन्ही भाषांत लागतात. कॉम्यून म्हणजे आपल्या गट ग्रामपंचायतीसारखंच, चार-पाच गावं आणि एक निवडून आलेला महापौर. कोरुंदमध्ये महापौर त्यांच्यातलाच, म्हणून कायदा कागदावर राहत नाही.

आपल्याकडंही १९५६ पासून केंद्राचं धोरण आहे, १५ टक्क्यांच्या वर असलेल्या भाषकांसाठी महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढायच्या. पण ते बजावणारा कोण? राज्यघटनेचं ३५० वं कलम मात्र हातात आहे: गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. उताऱ्याची मराठी प्रत मागायचा अर्ज मराठीतच द्या, पोच घ्या. तोंडी विचारून परत येऊ नका.

मलप्रभाकाठ
पोच दिलीच नाही तर? स्पीड पोस्टानं पाठवलं तर चालेल की?

येळ्ळूर_शिवार
चालतंय की. पावती जपून ठेवा, अर्जावर आईचीच सही घ्या.